तात्यांच्या दहाव्याला माझा आवाज

माझ्या हाताने मी माझ्याच पायावर धोंडा कसा पाडून घेतला, ते ऐकायचंय? मग बसा, चहा घ्या, आणि हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या पिंपळवंडीत त्यावर इतकं हसून झालंय की तुमच्या हसण्याचं मला काही वाटणार नाही.

तर मी नट. पुण्यात रीतसर नाटक शिकलेला. शिकून झाल्यावर चार वर्षं तिथंच चपला झिजवल्या. एका मालिकेत दोनदा पोस्टमन झालो, एकदा वकिलामागे फाइल धरून उभा राहिलो आणि एकदा प्रेत झालो. प्रेत फार छान केलंस, असं दिग्दर्शक म्हणाले. आईनं ते टीव्हीवर बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी खोलीचं भाडं झेपेना, तेव्हा गाशा गुंडाळून गावी आलो.

आता तुम्हीच सांगा, जुन्नर तालुक्यात नटाला काम कोण देणार? ट्रॅक्टरवाल्याला मिळतं, फवारणीवाल्याला मिळतं, जेसीबीवाल्याला तर लोक हातापाया पडून बोलावतात. नटाला विचारतात, "ते झालं, पण करतो काय?"

मग मी माईक धरला. जुन्नरच्या पेठेत साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो, पतसंस्थेची सभा असो, नाहीतर कुणाच्या नातवाचं जावळ, निवेदनाला मी हजर! मानधन म्हणजे शाल आणि नारळ. तेव्हापासून आमच्याकडे खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही.

मला रोज हटकणारा माणूस एकच. तात्या. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, नव्वदी ओलांडलेले, कान तिखट. मी ओट्यासमोरून निघालो की विचारायचे, "लागला का रं कामाला?"

मी म्हणायचो, "तात्या, कलेत वेळ लागतो."

"माज्याकडं न्हाई ना तेवढा," तात्या म्हणायचे.

त्यांचा मुलगा म्हणजे आमचे अण्णा, माझे चुलते. चार एकर द्राक्षबाग. माणूस कमी बोलणारा, पण मनानं चांगला. तीन वर्षं मला सांगत होते की बागेवर ये, मजुरांवर लक्ष ठेव, महिन्याचा पगार घे. मी टाळत होतो. एकदा का त्या बागेत शिरलो की आपलं नाटक कायमचं संपलं, याची मला खरंच भीती वाटायची.

आणि एका पहाटे तात्या झोपेतच गेले. खूप वाईट वाटलं हो. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, हे जास्त लागलं.

आता आमच्याकडचा दहावा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नदीच्या घाटावर मंडप, खुर्च्या, महाराजांचं प्रवचन, मग तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची श्रद्धांजली. आणि हे सगळं जुळवायला माईकवर निवेदक. घरचाच निवेदक असताना बाहेरचा कशाला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

त्यात आदल्या दिवशी कळलं की मंचरचे बाळासाहेब मंडपवाले दहाव्याला येणार. अण्णांच्या सोयऱ्यांपैकी. लग्नं, जत्रा, बैलगाड्याच्या शर्यती, सगळ्याचा मंडप यांचा. आणि त्यांना कायमचा निवेदक हवा होता. पूर्ण हंगामाचं काम! तेवढं मिळालं असतं तर मला ना पुण्याला जावं लागलं असतं, ना बागेत. देवाशप्पथ सांगतो, त्या रात्री मला तात्यांच्या आठवणीनं रडू येत होतं आणि रडता रडता मी उच्चार घोटत होतो.

सकाळी घाटावर गेलो तर साउंडवाल्या ग्यानबानं कर्णे मंडपाच्या खांबाला बांधलेले. मी म्हटलं, छे, आवाज नदीपलीकडे गेला पाहिजे. घाटाच्या कडेला मोठा उंबर आहे, त्याच्या शेंड्याला एक कर्णा बांधायला लावला. ग्यानबा काहीतरी सांगत होता. पण कलावंतानं साउंडवाल्याचं ऐकायचं नसतं.

प्रवचन झालं, श्रद्धांजल्या झाल्या. प्रत्येक पुढाऱ्याआधी मी असं काही बोललो की दोन बायांनी पदर डोळ्याला लावले. बाळासाहेब मान डोलावत होते. मग गुरुजींनी पिंड मांडले आणि पाचशे माणसं कावळ्याची वाट बघू लागली.

कावळा काही शिवेना.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. कावळे यायचे, उंबरावर टेकायचे आणि पुन्हा भुर्र. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर घरच्यांनी शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. अण्णा पुढे झाले, हात जोडले आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले.

मला वाटलं, एवढ्या पाठीमागच्या माणसांना कसं कळणार? मी माईकवर म्हणालो, "अण्णा सांगताहेत, तात्या, तुमच्या झाडांना पाणी कमी पडू देणार नाही."

लोकांनी माना हलवल्या. कावळे उडाले.

आता माणसानं इथं थांबावं की नाही? पण समोर बाळासाहेब, हातात माईक, आणि माझ्या अंगात सगळं पुण्याचं शिक्षण उसळलेलं. मी पुढे म्हणालो, "तात्या, तुमचा लाडका सोन्या बैल अण्णा कधीच विकणार नाहीत."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं. सोन्याचा सौदा पंधरा दिवसांपूर्वी झालेला. घेणारे ओतूरचे पाहुणे पहिल्या रांगेत बसलेले, ते उठून अण्णांकडेच बघायला लागले.

कावळे परत आले आणि मी परत सुरू झालो. "काकूंना काशीला न्यायचं तुमच्या मनात होतं तात्या. अण्णा यंदाच नेतील, विमानानं." काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, तिथंच हमसून रडल्या आणि बाजूच्या बाईला सांगू लागल्या की पहिल्यांदाच हे बोलले. अण्णा तर बिचारे तोंडसुद्धा उघडत नव्हते. त्यापुढे मी अण्णांच्या धाकट्या भावाला, म्हणजे धाकट्या काकांना, अण्णांच्या विहिरीचं पाणी देऊन टाकलं. धाकटे काका आनंदानं माझ्या पाया पडायचे बाकी होते.

गुरुजी हळूच म्हणाले की उशीर होतोय, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. तेवढ्यात अण्णा उठून बायकांच्या बाजूला गेले, काहीतरी बोलून परत आले. आणि खोडदच्या आत्या उभ्या राहिल्या. तात्यांची पाठची बहीण, पंच्याऐंशीची, आवाज माझ्यापेक्षा खणखणीत, माईकसुद्धा लागला नाही.

"दर्भाचा कावळा? माज्या भावाला?" आत्या म्हणाल्या. "आरं, त्याचा जीव बैलात न्हाई आन काशीतबी न्हाई. त्याचा जीव या पोरात अडकलाय. मरायच्या आदल्या दिशी मला इचारलं व्हतं, लागला का गं त्यो कामाला?"

पाचशे माणसं माझ्याकडे वळली. तुम्ही कधी पाचशे उपाशी माणसांच्या नजरेला नजर दिलीय? मी बाळासाहेबांकडे बघितलं. त्यांनीही हात जोडलेले. आईकडे बघितलं, तिनं डोळ्यांनीच सांगितलं, बोल आता.

माईक धरूनच पिंडांसमोर हात जोडले. खोटं नाही सांगत, अभिनय नव्हता तो. मी एवढंच म्हणालो, "तात्या, उद्यापासून अण्णांच्या बागेत कामाला लागतो. माईक सोडला." आणि माईक बंद करून खाली ठेवला.

एक मिनिट गेलं. मग उंबरावरून एक कावळा उतरला, सरळ पिंडावर बसला आणि सगळ्यांदेखत भात खाऊ लागला. मागोमाग आणखी चार उतरले. सगळा घाट गहिवरला. बायका म्हणाल्या, बघा, तात्यांचा जीव कशात होता. मीही रडलो. बाळासाहेबांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "आवाज लई चांगला व्हता राव, मी तुमालाच घेणार व्हतो. पन दिलेला शबुद मोडू नका." आणि गाडीत बसून मंचरला गेले.

जेवणं झाल्यावर ग्यानबा उंबरावर चढून कर्णा सोडत होता. मी खाली उभा, डोळे पुसत. तो वरूनच म्हणाला, "भाऊ, सकाळीच सांगत व्हतो. कावळं बसायचं झाड हेच. तुमी बोलला की ह्यो कर्णा त्यांच्या बुडाखाली वराडायचा, मंग कसं बसत्याल? तुमी गप झाला आन ते उतरलं."

मी तसाच पळत अण्णांकडे गेलो. म्हटलं, अण्णा, घोटाळा झाला, तात्यांचं काही म्हणणं नव्हतं, कावळे कर्ण्यानं उडत होते, माझा शब्द परत घेतो. अण्णा पान लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय सांगतो? जलम पाखरं हाकलन्यात गेला माजा. तू बैल दिला, काशी दिली, हिरीचं पानी दिलं. मंग म्या आत्याला म्हनलं, आता ह्याचं बी एक कायतरी द्या."

बोला!

शब्द मात्र मोडता आला नाही. पाचशे साक्षीदार, वर पाच कावळे. सोन्या आजही अण्णांच्या गोठ्यात आहे, काकू काशीला जाऊन आल्या, आणि मी बागेवर आहे. पगार वेळेवर मिळतो, आई खूश आहे, आणि खरं सांगू, मलाही झोप चांगली लागते.

आणि कलेचं म्हणाल, तर तीही सुटली नाही. घड गोड व्हायला लागले की बागेवर पाखरांची धाड पडते. अण्णांनी त्या दहाव्याचं मोबाइलवर घेतलेलं रेकॉर्डिंग मिळवलं आणि मधल्या खांबावर कर्णा लावला. हंगामभर सकाळी सहापासून माझी श्रद्धांजली चार एकरांत घुमते. गेल्या साली अण्णांच्या बागेत एका मण्याला चोच लागली नाही. आता शेजारचे तीन बागायतदार माझ्याकडे रेकॉर्डिंग मागायला येतात, आणि जाताना शाल आणि नारळ देतात.