माडीवरची बायको

मोहाडीच्या टुरिंग टॉकीजमध्ये मी बायकांच्या बाजूला बसले होते. एकाच इंग्रजी कादंबरीवरचा हा दुसरा हिंदी सिनेमा. कादंबरी वाचली म्हणून मी फुगलेली! शेजारच्या अनोळखी बाईला ऐकवत होते, "पहिल्या सिनेमातला हवेलीचा मालक जास्त रुबाबदार होता." त्या रुबाबापायी आठवडाभर मी माझ्या गरीब नवऱ्याशी धड बोलले नव्हते, गाढवीण कुठली!

ती बाई चिखल्याच्या खाणीत कामाला होती. खाली अंथरलेल्या आपल्या पोत्याच्या बोऱ्यावर मला सरकून जागा देत म्हणाली, "मालक कसाबी असू दे, बाई. त्यानं माडीवर कोंडलेली पहिली बायको मागच्या सिनेमात जळून मेली. यात तरी सुटते का, म्हून पाहाले आली."

"काहून?" मी कारण विचारलं.

"माही बहीण सासरी तशीच कोंडून आहे. येडी म्हनतेत तिले."

पडद्यावर हवेली पेटली. तिने माझा हात घट्ट धरला. माडीवरची बायको याही वेळी सुटली नाही.

तिने बोरा झटकला. "उद्या मीच जातो तिले आनाले."

पुढे टीव्हीवर त्याच कादंबरीचा तिसरा अवतार आला. नवरा हसून म्हणाला, "तुहा मालक आला, पाह्य!"

मी पडद्यावरच्या माडीची खिडकी बघत होते.