ताईचा शेवटचा बहर

माझ्या ताईच्या नाकावर कायम राग असतो. तो तिथे एकटा पडू नये म्हणून मी माझाही जवळच ठेवते. अशा आम्हा दोघींना वाळवंटाच्या कडेच्या एका खोलीत राहायला पाठवायची कल्पना भावोजींची. "तिचे गुडघे धरलेत, तू जा सोबत," म्हणाले आणि स्वतः घरी पंख्याखाली राहिले.

ताई प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचं आयुष्य फुलांतल्या मधात गेलं. पोळ्यातला मध नव्हे, फुलाच्या तळाशी थेंबभर गोड पाणी साचतं ते. त्या थेंबात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. एवढी साखर, वरून भट्टीसारखं ऊन, तरी मजेत संसार थाटतात. त्यांतलं एक यीस्ट ताईला तरुणपणी एकदाच सापडलं आणि साठवणीत मेलं. तेव्हापासून ती हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. पण ते ज्या काटेरी झुडपाच्या फुलात राहतं, ते झुडूप पावसाशिवाय फुलत नाही, आणि तिथे पाऊस वर्षानुवर्षं फिरकत नाही. यंदा तो पडला. पुढच्या वर्षी ताई निवृत्त होणार. म्हणजे जे काय सापडायचं ते आत्ताच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी शिवणकाम करते, म्हणून निघण्याआधी ताईने माझ्याकडून बारीक जाळीच्या पिशव्या शिवून घेतल्या. "मुंगीसुद्धा आत शिरता कामा नये," असं बजावलं. शिरली नाही! उमलायच्या आत कळ्यांवर आम्ही पिशव्या बांधल्या. भावोजींना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "टोपडी छान दिसतात." ताईने फोन उपडा ठेवून दिला.

फुलं उमलली, थेंब टचटचीत भरले. ताईने काचेच्या बारीक नळीने ते ओढून घेतले आणि ते जीव वाढवायच्या प्लेटांमधल्या खळीवर पसरले. दुसऱ्या दिवशी प्लेटा कोऱ्या. तिसऱ्या दिवशीही कोऱ्याच. ताईने खळीला दोष दिला, उन्हाला दिला, मग माझ्याकडे वळली.

"तू शिंकली होतीस का यांच्यावर?"

"शिंकले असते तर काहीतरी उगवलं तरी असतं!"

त्यावर तिने प्लेटा उचलून माझ्यापासून लांब नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या सकाळी झुडपांपाशी गेलो तर एक भुंगा पिशवीवर धडका देत होता. ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

"अगं, ते यीस्ट उडत येत नाही. याच्या तोंडाला लागून येतं. आणि मी यालाच बाहेर ठेवलं."

आजवर तिने मधाची गोडी मोजली होती. त्या कामात किडे दूर ठेवावेच लागतात. पिशव्या बांधायची सवय हातांना होती, डोक्याला कोणी विचारलंच नाही. तिच्यासारखी बाई अशी चुकते, याचा मला इतका संताप आला की मी गाठी न सोडता पिशव्या ओरबाडून काढल्या. पण तोवर बहुतेक फुलं माना टाकून बसली होती. भुंगाही कंटाळून निघून गेला होता.

आम्ही उन्हात बसून राहिलो. जन्मभर किडे हाकलणारी माझी ताई आता आभाळाकडे बघत "ये ना रे" म्हणत होती. दुपार कलताना एक भुंगा आला. उरल्यासुरल्या फुलांतल्या एकात शिरला, पोटभर प्यायला आणि गेला.

"घे, घे लवकर!" मी म्हणाले.

"आत्ता त्यात दोन-चारच जीव असतील, हाती लागायचे नाहीत. जरा वाढू दे त्यांना."

तिने फुलावर छत्री धरली. वारा सुटला, तापलेला. मी दोनदा म्हटलं, घे. दोनदा तिने मला गप्प केलं. शेवटी नळी घातली तेव्हा थेंब आटून तळाशी नुसता चिकट डाग उरला होता. तोही तिने खरवडून प्लेटवर लावला. त्यातून काही आलं नाही.

निघायच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या साहेबांचा फोन आला. ताई "हो साहेब, हो" एवढंच म्हणाली.

"काय म्हणाले?"

"काही हरकत नाही म्हणाले. पुढच्या बहराला बघू."

"मग?"

"मग काय? बघू म्हणजे कोण?"

काही सुचलं नाही की माझं तोंड सुटतं. मी साहेबांना शिव्या घातल्या, पावसाला घातल्या, वाऱ्याला घातल्या, शेवटी त्या मेल्या भुंग्यालाही घातल्या. ताई प्लेटा धुवत होती. तिने पाणी बंद केलं.

"त्याला नको गं," ती म्हणाली. "तो एकटाच आला होता."