हिच्यावानी हीच

पाटोद्याच्या बाजाराहून बैलगाडी परत आली तेव्हा मी अंगणातच होते. गाडीवानानं बैल सोडले नाहीत. नुसता खाली मान घालून उभा राहिला, आणि मला कळलं... सकाळी धडधाकट घरातून निघालेले माझे यजमान बाजारात छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. या गोष्टीला आता दीडेक महिना होत आला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. आयुष्यभर 'अहो' म्हटलं, तेच बरं वाटतं.

आमचं लग्न झालं तेव्हा निजामाचा अंमल होता. ह्यांची शाळा सगळी उर्दूतून झालेली, नोकरी पाटोद्याच्या तहसिलीत कारकुनाची. गझलेतलं सगळं तोंडपाठ, पण मराठी कवितेतल्या एकाही गोष्टीचं नाव ठाऊक नाही. माझे वडील चौसाळ्याला घरीच मुलांना मराठी शिकवायचे. मी त्या मुलांच्या मागं बसून वृत्तं, अलंकार शिकले होते. एकदा भाकरी थापताना मी काहीतरी गुणगुणत होते, तर हे दारात येऊन उभे.

"ही चाल कंची हाय?"

"चाल न्हाई, वृत्त हाय. भुजंगप्रयात."

"कवितेला सापाचं नाव कावून?"

"सापावानी वळत वळत जातं म्हणून."

हे इतके हसले की माझी भाकरी करपली. त्या दिवसापासून कचेरीतून आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. मी उपमा सांगितली, रूपक सांगितलं. 'वानी' शब्द असला की उपमा, तो गळला की रूपक. ते मला सांगायचे की काफिया म्हणजे तुमचं यमक, आणि काफियानंतर दर खेपेला तोच शब्द येतो तो रदीफ. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, हे रुचत नव्हतं. "बायकोपुढं शिकायला बसलास व्हय रं?" त्या म्हणायच्या. "आई, मास्तर लई कडक हाय, मदी बोलू नको," हे म्हणायचे.

मुलगी झाली. आत्याबाईंनी विचारलं, "कुणावानी हाय रं?" हे तिच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिच्यावानी हीच." मी बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "ह्यालाबी नाव हाय. अनन्वय. जिला दुसऱ्या कशाचीच उपमा पुरत न्हाई, तिला तिचीच द्यायची." दिवसभर तो शब्द ते घोळवत होते. मुलीचं नाव मात्र गोदा ठेवलं.

गोदा बोलायला लागली, पळायला लागली, आणि प्लेग आला. सगळं गाव शिवारात झोपड्या बांधून राहायला गेलं. आम्हीही गेलो. तिथंच गोदाच्या काखेत गाठ आली... हकिमाला आणेपर्यंत पोर गेली.

त्यानंतर मी बोलायचीच थांबले. रडलेही नाही. बायका म्हणू लागल्या, हिला बाहेरचं लागलंय, माहेरी धाडा. ह्यांनी ऐकलं नाही. रोज येऊन जवळ बसायचे आणि विचारायचे, "चंद्रावानी मुख म्हंजे रूपक, न्हाई का?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी आणखी काही चुकीचं. मी गप्पच. मग एका संध्याकाळी म्हणाले, "भुजंगप्रयातात गण तीन असतात, बरूबर ना?"

"चार!" मी ओरडले. "चार य-गण असतात! किती येळा सांगायचं?"

आणि मग जे रडू आलं ते आवरेना. हे माझ्या पाठीवर हात ठेवून "बरं, चार... चार," एवढंच म्हणत राहिले.

पुढं एकदा आत्याबाई हळूच म्हणाल्या, "त्याला समदं येतं गं. मळ्यात एकला असला की धडाधडा म्हणत असतो. तू बोलावंस म्हणून चुकतो." मला कळलंय हे मी त्यांना कधीच कळू दिलं नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. माझं मन खट्टू झालं की हे चुकायचे आणि मी सुधारायची, असा सगळा संसार झाला.

हे गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मी पुन्हा मुकी झाले होते. एके दुपारी आत्याबाई भिंतीला धरून धरून आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या. डोळ्यांनी आता दिसत नाही त्यांना. म्हणाल्या, "तुमी दोघं समद्याला नावं द्यायचात. आईच्या आदी लेक जातो... त्याला काय म्हणतात गं?"

त्या खरंच विचारत होत्या की मला बोलतं करत होत्या, मला सांगता येणार नाही. मी वडिलांनी शिकवलेलं सगळं आठवून पाहिलं. ह्यांनी शिकवलेलंही.

"त्याला शबूद न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. म्हणाल्या, "मंग माझ्या लेकाबद्दल बोल काहीतरी. तू सांग, मी ऐकते."