बाहेर तोंड केलेल्या चपला

जपानखाला आमच्या घरात शिरली की आधी चपला फिरवायची. दाराशी पडलेला प्रत्येक जोड उचलून, टाचा घराकडे आणि तोंड बाहेर. एकदा आईच्या मैत्रिणीने ते पाहिलं. "काय गं, जा म्हणून सांगतेस का?" खाला हसली. "नाय हो. जाताना पाहुण्याला वळावं लागू नये म्हणून. जपानात असंच." तिच्या स्वतःच्या निळ्या रबरी चपला मात्र आत तोंड करून, कशाही पडलेल्या. मी एकदा त्या फिरवायला गेले तर म्हणाली, "माझ्या नको गो. मी काय पाहुणी?"

ती श्रीवर्धनची. इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या तेल कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका जपानी इंजिनिअरच्या घरी तिने बरीच वर्षं काम केलं होतं, आणि ते कुटुंब तिला दोनदा जपानला घेऊन गेलं होतं. ते मायदेशी परतल्यावर ती हवल्लीत आमच्याकडे कामाला येऊ लागली. आई नर्स, बाबाही दिवसभर बाहेर, त्यामुळे शाळेतून आल्यावर घरात मी आणि खाला.

साहेबांच्या आईचं गावाकडचं घर ती असं सांगायची की मला त्या गवती चटयांचा वास यायचा. कागदाची सरकती दारं उघडली की खोली थेट बागेपर्यंत जायची. साहेबांच्या भावाचं टोकियोतलं नवं घर मात्र नुसत्या काँक्रीटचं. गिलावा नाही, रंग नाही, मधे हातभर चौक आणि त्यात एकच झाड. "मला वाटलं, बिचाऱ्यांचं काम अर्धवट राहिलंय. मग दुपारी त्या भिंतीवर झाडाची सावली चालायला लागली. तेव्हा कळलं, भिंत कोरी का ठेवली."

ती मराठीत विचारायची, मी इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर द्यायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. माझ्या खोलीत पश्चिमेचं ऊन यायचं. पडदा ओढला की अंधार, सारला की डोळे दिपायचे. "ऊन गाळून घ्यायचं असतं, चहासारखं," ती म्हणायची.

आमचं गच्च भरलेलं शोकेस तिला बघवत नसे. "एवढी माणसं एकदम बोलायला लागली तर कोणाचं ऐकायचं?" तिकडे म्हणे कोनाड्यात एकच वस्तू ठेवतात आणि ऋतू बदलला की ती बदलतात. "वस्तूलापण झोप लागते."

बारावीत असताना एका दुपारी घरी आले, तर शोकेस रिकामं. मधोमध फक्त तांब्याची एक लोटी. आजीने आईला दिलेला चांदीचा मोर नव्हता. खाला स्वयंपाकघरात होती. मी तिला विचारलं नाही. विचारायला मराठी वाक्य जुळवावं लागलं असतं, ही सबब मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला दिली. मी दाराजवळची तिची पिशवी उघडली. आत तिचा बतका, म्हणजे इथलं ओळखपत्र, ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि पांढऱ्या कागदाची गुंडाळी. मान वर केली तेव्हा ती ओल्या हातांनी समोर उभी होती.

"मोर पलंगाखालच्या पेटीत आहे," ती म्हणाली. "आईला विचारून ठेवलाय. थंडीत काढू."

मग तिने हात पुसले, माझ्या हातातली गुंडाळी घेतली आणि माझ्या खिडकीच्या काचेवर तो कागद चिकटवला. अगदी मापात कापलेला होता. खोलीत मऊ, दुधाळ उजेड पसरला. मी 'सॉरी' म्हणाले. लिफ्टमध्ये कोणाला धक्का लागला की म्हणते, तसंच.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या निळ्या चपला बाहेर तोंड करून, नीट जोडून ठेवलेल्या असायच्या. आईच्या हे कधी लक्षात आलं नाही. खाला पूर्वीसारखीच बोलायची, जपानच्या गोष्टीही सांगायची. मी चपलांकडे न बघता आत जायचे.

आता मी एका इंटिरिअर ऑफिसात ड्रॉइंग काढते. एखादी भिंत कोरी सोडली की बॉस 'जॅपनीज टच' म्हणून कौतुक करतात. मी मान हलवते. खालाचं नाव अजून एकदाही घेतलेलं नाही.

त्या दुपारनंतर दोन वर्षांनी ती कायमची गावी निघाली होती. शेवटच्या दिवशी आईबरोबर चहा घेत बसली होती, तेव्हा मी दाराशी गेले आणि तिच्या चपला आत वळवून ठेवल्या. मला एवढंच सांगता येत होतं.

निघताना ती चपलांकडे बघत थांबली, मग माझ्याकडे पाहिलं.

"उशीर केलास गो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

एक हात भिंतीला टेकून, गुडघा दाबत ती हळूहळू खाली वाकली आणि चपला पुन्हा बाहेर वळवल्या. उभं राहायला तिला बराच वेळ लागला. आमच्या सगळ्यांच्या चपलांसाठी ती रोज अशीच वाकत आली होती.