इझाबेलचा उजवा हात

पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावात इझाबेलने तीस वर्षं तोंडाने कधी बोली लावली नाही. हात वर गेला की ढीग तिचा. आणि वर गेलेला हात जो मागे घेईल, त्याला पुन्हा तिथे कोणी उभं करत नसे.

त्या सकाळी मात्र तिने हात उचललाच नव्हता. बोटं थरथरली, कोपराला झटका बसला आणि हात आपसूक वर गेला. लिलाव पुकारणाऱ्या व्हॅलेरियनने परवाच्या, डोळे बसलेल्या बांगड्यांचा ढीग तिच्या गळ्यात मारला.

"सकालीच घेतली काय गं, बाय?" शेजारी बोली लावणारी फिलोमिना खिदळली.

इझाबेल हल्ली पाय ओढत चालायची, बोलताना अडायची. गावाला दारूपलीकडे कारण सुचत नव्हतं. नवरा पास्कल, ज्याला स्वतःला संध्याकाळी घराचं दार सापडत नसे, तोही हसला. इझाबेलने ती घाण निमूटपणे पाटीत भरली.

दोन वर्षांपूर्वी, बावन्न साली, मुंबईला तिचा एक स्तन कापला होता. तिथल्याच डॉक्टरने आता तपासून सांगितलं, "तोच कॅन्सर मेंदूत गेलाय. झटके, ओकाऱ्या, डोकेदुखी, सगळं त्याचंच."

"मग कापा की."

"तिथे कापून उपयोग नाही, बाई. फार तर तीन महिने."

पास्कलने ही बातमी रडत रडत घरोघर पोचवली. रडण्यासाठी त्याला फुकट पाजणारे बरेच भेटले. कालपर्यंत दारुडी म्हणणारी तोंडं तिच्यासाठी रोझरीची प्रार्थना म्हणू लागली. पेज यायची, पण उंबऱ्याबाहेर ठेवलेली. तिने ती कोंबड्यांना घातली.

आठवड्याने ती बंदरावर गेली. ताज्या सरंग्यांचा ढीग निघाला. या वेळी हात तिने स्वतः उचलला, ताठ. व्हॅलेरियनने पाहिलं आणि नजर वळवली.

"फिलोमिना, तू घे."

"मा... माझा," इझाबेल म्हणाली.

"घरी जा, बाय. हात तू नाय उचललास, रोगानं उचलला."

हात आपणच उचलला, हे तिला सांगायचं होतं. शब्द जिभेवर येईनात. मग ती पाय ओढत पुढे गेली आणि सरळ त्या ढिगावर बसली.

"उठवा रे तिला!" फिलोमिना ओरडली. कोणी हलेना. रोझरी म्हणणाऱ्यांना रोग चिकटण्याची धास्ती होती. पास्कल तर सर्वांत मागे उभा.

ती एकेकाकडे पाहत राहिली. शेवटी व्हॅलेरियनने त्या ढिगासाठी तिचं नाव पुकारलं, पुटपुटल्यासारखं.

"मोठ्यानं," ती म्हणाली.