केसपेपरावरचं नाव

वर्षाराणीला तेव्हा वाटलं होतं, आपण फार शहाणपणाचं काम केलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची तेजस्वी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आधी जेवेनाशी झाली, मग झोपेनाशी. एक दिवस अंघोळीला गेली ती दोन तास बाहेरच आली नाही. दार तोडलं, तर नळ बंद आणि पोरगी कोरड्या फरशीवर बसलेली. वर्षाराणी बी.ए. झालेली, अंगारेधुपारे करत बसणाऱ्यातली नव्हती. उचगावातून रिक्षा करून तिनं लेकीला थेट कोल्हापुरात मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि शिकलेल्या बाईचं शिक्षण तिथंच संपलं. तिनं स्वतःचं नाव सांगितलं.

डॉक्टर चिडले. "औषध मुलीला आणि कागद तुमचा? उद्या अंगाशी येईल हे."

"येऊ दे की माझ्या अंगाशी. तिचं लग्न व्हायचंय अजून."

त्यांनी नाराजीनं का होईना, लिहून दिलं. तेव्हापासून गावातल्या मेडिकलमधून नैराश्याच्या गोळ्या वर्षाराणीच्या नावानं येऊ लागल्या. पोरगी सावरली, पदवीधर झाली, आणि यंदा वैशाखात राधानगरीकडच्या एका दूधदुभत्याच्या घरात नांदायला गेली. गोळ्या सुटल्या नव्हत्या. त्या आता कॅल्शियमच्या डबीतून सासरी जायच्या.

मधल्या काळात वर्षाराणीच्या नवऱ्याला, उदयसिंहला, कागल एमआयडीसीतल्या कंपनीनं कंत्राटावर टाकलं आणि कंपनीचा विमा गेला. मग पुतण्या सम्राट नवरा-बायकोच्या आरोग्य विम्याचा फॉर्म घेऊन आला.

"काकी, आधीचा आजार काय? बीपी, शुगर, मानसिक?"

"तुझा काका सोडला तर कुठलाच नाही."

सगळे हसले. सम्राटनं सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं. केसपेपर तिला आठवला नाही असं नाही. पण दुखणं आपलं नव्हतंच, मग खोटं काय बोललो, असं म्हणून तिनं सही केली.

आणि या श्रावणात तिचं गर्भाशय काढावं लागलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तेजस्वीची सासू, बनाबाई, घरच्या तुपाची बरणी घेऊन इस्पितळात बघायला आली. तेजस्वी पायथ्याशी मोसंबी सोलत होती. तेवढ्यात विमा कंपनीचा माणूस फाइल घेऊन खाटेशी उभा राहिला.

"थोडं विचारायचं होतं, मॅडम. जरा एकांतात बोललो असतो."

"इचारा की पावणं," बनाबाई म्हणाली. "आमी काय परक्या हाय व्हय?"

त्यानं उचगावच्या मेडिकलमधून काढून आणलेली बिलं पुढं केली. "ह्या मानसिक आजारावरच्या गोळ्या. तुमच्या नावावर, फॉर्म भरायच्या आधीपासून. तुमच्याच ना?"

मोसंबीवरचा हात थांबला. वर्षाराणीनं लेकीकडं बघितलं नाही. नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुणाच्या?

"माझ्याच."

"मग लपवलं कशाला? मानसिक आजारसुद्धा बसतो आता विम्यात. सांगितलं असतं तर हप्ता जरा वाढला असता, फार तर काही वर्षं थांबायला लागलं असतं."

"लाज वाटली," ती म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच खरं बोलली.

माणूस सही घेऊन गेला. बनाबाईनं तुपाची बरणी उगाच इकडची तिकडं ठेवली.

"इहीनबाई, सोयरीक जुळताना ह्ये बोलला न्हाईसा. असलं रगतातनं उतरतंय म्हणत्यात." मग सुनेकडं वळून, "तुला तर असलं काय न्हाय न्हवं गं?"

"नाही, आई," तेजस्वी म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची.

संध्याकाळी कंपनीनं बिल नाकारलं. पंधरा दिवसांनी पॉलिसीच रद्द केल्याचं पत्र आलं. 'आजार लपवला' असं त्यात छापील होतं. उदयसिंह खवळला. "ऑपरेशन पोटाचं आणि ह्यांना डोक्याच्या गोळ्या दिसल्या! मी डॉक्टरांकडनं लिहून आणतो, गोळ्या कुणाच्या होत्या ते."

"आणा. आणि त्याची एक प्रत राधानगरीला पाठवा."

तो खाली बसला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

भाद्रपदात तेजस्वीचा फोन आला. गोठ्यातून बोलत होती, मागं म्हैस रेकत होती.

"आई, त्यांनी माझी पेटी उघडली. कॅल्शियमची डबी मेडिकलवाल्याला दाखवून आणते म्हणाल्या. त्याआधीच मी सगळ्या गोळ्या शेणकुंडीत टाकल्या."

"कधी?"

"नऊ दिवस झाले. झोप येत नाही गं."

"मी येते. डॉक्टरांकडं जाऊ. ह्या वेळी तुझ्या नावानं कागद काढू."

"आता कसा काढणार? तुझ्यासमोरच नाही म्हणून बसले ना मी."

वर्षाराणीकडं लेकीला द्यायला एकच गोष्ट उरली होती.

"अंघोळीला जाशील तेव्हा," ती म्हणाली, "आतनं कडी लावू नको, बाळा."