पोर्ट ऑफ स्पेनला उतरायचं झालं तर

मंगळवारी दुपारी, मी काम करते त्या अमरावतीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात फोन आला. माझा भाऊ विनय कामावर उंचावरून पडला होता. तो पोर्ट ऑफ स्पेनच्या इस्पितळात होता. मी फोन ठेवला आणि अकोल्याला मामांना लावला.

मामांनाच का, ते मी तेव्हा ठरवलं नव्हतं. आमच्या नात्यात त्यांना कुणी फारसं मनावर घेत नसे. सगळे त्यांना तोंडावर त्रिनिदादमामा म्हणत, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. ते कापसाचे अभ्यासक, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होते. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर दीड वर्ष राहून आले होते. तिथून कापसाविषयी काय शिकून आले ते कधी बोलले नाहीत. बोलत ते गेस्टहाउसबद्दल. पोर्ट ऑफ स्पेन शहरात एका बाईच्या गेस्टहाउसात ते उतरले होते, आणि तिथं राहावं कसं हे ज्ञान त्यांनी उरलेलं आयुष्य अशा माणसांना वाटलं, ज्यांचा तिकडे जाण्याचा काही संबंध नव्हता.

"समजा, तू पोर्ट ऑफ स्पेनले उतरली," अशी सुरुवात होई. समोर काय चाललं आहे याचा त्यांना अडथळा नसे. एकदा विनय आणि मी एका लग्नाला मूर्तिजापूरला निघालो होतो. मामा फाटकापर्यंत आले. म्हणाले, "खोली मांगच्या अंगाची मांगजा. रस्त्याच्या अंगाची घ्यान तर रातभर बाजा आयकत बसान."

"मामाजी, मूर्तिजापूरले चाललो ना आमी," विनय म्हणाला.

"मंग? मूर्तिजापूरच्या लग्नात बाजा नसते का?"

पाण्याचं तर विचारूच नये. गेस्टहाउसला टाकी आहे की नाही हे आधी विचारायचं, नसेल तर न्हाणीतली बादली सतत भरलेली ठेवायची, कारण तिथं नळ सांगून जात नाही. मामी आतून ओरडायची, "अकोल्याच्या माणसाले पाणी भरून ठेवाचं शिकवून राहिले! आपल्या नळाले पाणी आलं का लोक पेढे वाटते." मामा तिच्याकडे लक्ष न देता रविवारावर येत. रविवारी तिथं सगळं बंद, म्हणून पाव शनिवारीच आणून ठेवायचा.

त्यांचा सगळ्यांत आवडता धडा नमस्काराचा होता. "दारातून आत पाय टाकला का पयले गुड मॉर्निंग. संध्याकायी गेली तर गुड नाइट, तिथी ते भेटल्यावरच म्हनते. मंग इचाराचं काय इचाराचं ते. आपन वऱ्हाडी माणूस उंबऱ्यातूनच सुरू करते, 'काहो, अमका कुठी हाये?' तिथी असं केलं का त्याइले वाटते, यानं आपल्याले माणूसच नाई समजलं. दिवसभर उत्तर देत नाई मंग." हे सांगताना ते उठून उभे राहत, खोलीबाहेर जात, आणि दारातून पुन्हा आत येऊन कपाटाला गुड मॉर्निंग म्हणत.

मी हे सगळं हसत ऐकलं आहे. मामा कापसाऐवजी हेच का बोलत असावेत याचा अंदाज मला फार उशिरा आला. ती वर्षं कापसाच्या मुलखात वाईट होती. निवृत्तीनंतरही मामांकडे शेतकरी येत, जुने विद्यार्थी येत. सकाळचा पेपर आधी मामी वाचायची आणि त्यातलं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पान काढून घडी करून गादीखाली ठेवायची. त्या पानावर कधी कधी मामांच्या ओळखीचं नाव असायचं. पान नाही हे मामांना दिसायचं. त्यांनी कधी मागितलं नाही. विनय आमची नांदगाव पेठेजवळची शेती करत होता, तेव्हा एकदा त्यानं मामांना पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, दाखवायला नेलं. मीही होते. मामांनी एक बोंड अंगठ्याच्या नखानं फोडलं, आतली गुलाबी अळी पाहिली, मग दुसरं, मग आणखी पलीकडच्या ओळीतलं. रुमालाला बोटं पुसली.

"सांगा ना मामाजी, काय करू आता?" विनय म्हणाला.

मामा धुऱ्याच्या बांधावर बसून राहिले. परत येताना बसमध्ये त्यांनी कंडक्टरला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये शनिवारीच पाव का घ्यावा ते सांगितलं.

पुढं विनयनं शेत चुलतभावाला बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं आणि नांदगाव पेठेतल्याच एका कापड कारखान्यात फिटर म्हणून लागला. तिथून एका ठेकेदारानं त्याला परदेशी काम देऊ केलं. गॅसचा प्रकल्प, जागा त्रिनिदाद. आम्ही अकोल्याला पाया पडायला गेलो तेव्हा मामा जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या गॅलरीत बसले होते. नाव ऐकून ते उठून कठड्याशी गेले. समोरच्या रजियाबींना हाक मारली. त्या रस्त्यापलीकडे राहायच्या, कपडे शिवायच्या. "रजियाबी, आयकलं का? आमचा पोट्टा पोर्ट ऑफ स्पेनले चालला!"

"आता तरी साबची नसीहत कामात येईन कोनाच्या," त्या मशीन न थांबवता म्हणाल्या.

त्या दिवशी मामांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि विनयनं पहिल्यांदा न हसता ऐकलं. मामांना इतक्या आनंदात मी पुन्हा पाहिलं नाही. जाताना विनयनं मलाही पासपोर्ट काढायला लावला. म्हणाला, "ताई, तुले समुद्र दाखवतो एकडाव."

फोन आला तेव्हा तो पासपोर्ट कपाटात कोरा पडलेला होता. तिकिटाची सोय ठेकेदारानं केली. मुंबईची गाडी मी बडनेऱ्याहून धरणार होते. ती गाडी अकोल्यावरूनच जाते, पण मामा उलटे बडनेऱ्याला आले, अकोल्यापर्यंत माझ्याबरोबर बसून जाण्यासाठी. मामी तोवर वारली होती. जवसाची चटणी त्यांनी स्वतः कुटून आणली होती, जाडीभरडी. विनय कसा असेल हे आम्ही दोघंही बोललो नाही. ते खोलीचं, टाकीचं, पावाचं सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिले. मूर्तिजापूर गेल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"संध्याकायी खोलीत बसजो नको. गॅलरीत खुर्ची असन, तिच्यावर बसजो. कोनाशी बोलाचं नसन तर नको बोलू, पन बसजो. मले ततं ताप आला होता. उठता येत नव्हतं, हाका माराले आवाज नाई. त्या बाईनं पायलं, रोजचा माणूस आज खुर्चीत नाई. वर आली अन दार वाजवलं. मी रोज बसत नसतो तर तिले वाटलं असतं, असन खोलीत. मंग गेलो असतो तसाच, कुलपात." गाडी अकोल्याला लागली. ते उतरले, खिडकीशी आले. "ज्याचा चेहरा कोनाले मालूम नाई, त्याचं दार कोनी वाजवत नाई, पोरी."

पोर्ट ऑफ स्पेनला मी दुपारी पोचले. सामान ठेकेदारानं ठरवलेल्या गेस्टहाउसात टाकलं आणि तशीच इस्पितळात गेले. भेटीची वेळ संपत आली होती. मी धावत दारातल्या पहारेकरी बाईंपाशी गेले आणि म्हणाले, माझा भाऊ कुठं आहे? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गुड आफ्टरनून, असं त्या सावकाश म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, भाऊ कुठं आहे, विनय नाव, भारतातून आलेला. त्यांनी मान फिरवली आणि दुसऱ्या माणसाशी बोलू लागल्या. मी त्यांच्यासमोर उभी होते. मग घंटा झाली, आणि सगळ्यांबरोबर त्यांनी मलाही बाहेर काढलं. विनय त्याच इमारतीत होता. मला तो मजलासुद्धा कळला नाही.

गेस्टहाउसच्या पायरीवर बसून मी रडले, तेव्हा मला कपाटाला गुड मॉर्निंग म्हणणारे मामा आठवले. इतकी वर्षं ऐकलेली एक गोष्ट, आणि गरज पडली तेव्हा मी उंबऱ्यातूनच प्रश्न टाकला होता. दुसऱ्या दिवशी त्याच बाई दारात होत्या. मी थांबले. गुड आफ्टरनून म्हणाले. त्या म्हणाल्या, गुड आफ्टरनून, डार्लिंग, काल फार घाईत होतीस. आणि स्वतः उठून मला विनयच्या खाटेपर्यंत घेऊन गेल्या.

विनय ओळखू येत नव्हता. डोळे मात्र त्याचे होते. मला पाहून त्यानं मान किंचित वळवली. मग म्हणाला, "ताई, दारातल्या बाईले गुड मॉर्निंग म्हटलं का?"

"आज म्हटलं."

"म्हंजे काल नाई म्हटलं," तो म्हणाला, आणि हसण्यानं त्याला दुखलं.

भेटीला दिवसाकाठी एकच तास मिळे. बाकीच्या दिवसात मी शहरात काहीही पाहिलं नाही. संध्याकाळी मात्र सांगितल्याप्रमाणे गॅलरीतल्या खुर्चीवर बसत होते. घरमालकीण मिस व्हेरा म्हणून वयस्क बाई होत्या. त्या कुंड्यांना पाणी घालत, गुड नाइट म्हणत आणि आत जात. काही संध्याकाळी असंच चाललं. मग एकदा त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, तुझं इस्पितळात कोण आहे? मी सांगितलं. त्या सगळं ऐकून घेऊन आत गेल्या. त्यांच्या चर्चमधली एक बाई त्याच इस्पितळात मोठी सिस्टर होती. त्यानंतर मला दिवसभर विनयजवळ बसू दिलं.

मामांना मी रोज फोन करत होते. "खोली मांगची भेटली ना?" ते विचारत. "टाकी हाये?" मी हो म्हणे. मग मीच म्हणे, आज त्यानं दोन घोट पाणी घेतलं, किंवा आज ताप उतरला नाही. "हं," ते म्हणत. "बादली भरून ठेवजो मंग." त्यांना विनयचं नाव घेऊन विचारवत नव्हतं, हे मला समजत होतं. मलाही सांगवत नव्हतं.

विनय गेला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. तिथल्या हिंदू लोकांनी लाकडं रचून दिली. मिस व्हेरा काळे कपडे घालून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी अस्थी घेऊन परत आले.

त्यानंतर मामा पोर्ट ऑफ स्पेन हे नाव उच्चारेनात. तेराव्याला एका नातलगानं न कळून म्हटलं, "मामाजी, तुमच्या त्या गेस्टहाउसात..." मामा उठून आत गेले. थोड्या दिवसांनी रजियाबींचा फोन आला. "बाई, साब आता बाहेर नाई बसून राहिले. खुर्सी बी अंदर नेली. मले दिवसभर सामने बंद दरवाजा दिसते. तुमी काही बोला ना त्याइले."

मी अमरावतीहून दर शनिवारी जाऊ लागले. मामा दिवा न लावता बसलेले असत. मी त्यांना गुड आफ्टरनूनचं सांगितलं, मिस व्हेरांचं सांगितलं, तुमच्यामुळे मला त्याच्याजवळ बसता आलं असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मी त्याले ततं राहाचं कसं ते सांगतलं. वापस याचं कसं ते कुठी सांगतलं, सुमन?" मी उठले, खुर्ची उचलून गॅलरीत नेली आणि परत आत येऊन त्यांचा हात धरला.

"काय करून राहिली?"

"समजा, तुम्ही पोर्ट ऑफ स्पेनला उतरलात," मी म्हणाले.

ते माझ्याकडे रागानं पाहत राहिले. मग उठले. त्या दिवसापासून ते पुन्हा गॅलरीत बसू लागले, पण कुणाशी बोलत नसत. रजियाबी समोरून सलाम करत, ते मान हलवत, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी खुर्ची रिकामी होती. रजियाबींनी मशीन थांबवली, रस्ता ओलांडला आणि दार वाजवलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी माणसं बोलावून कडी तोडवली. मामा मोरीच्या दारात पडले होते, जिवंत होते. मी अमरावतीहून पोचले तेव्हा त्यांना इस्पितळात नेलेलं होतं. मला पाहून त्यांनी ओठ हलवले, पण शब्द येत नव्हते. मग डोळ्यांनी त्यांनी खाटेपाशी उभ्या असलेल्या सिस्टरकडे खूण केली. मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी वळून सिस्टरला नमस्कार म्हणाले. मामांनी डोळे मिटले आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. रजियाबी एका बाजूला होत्या, मी दुसऱ्या बाजूला.

जठारपेठेतलं घर आता दुसऱ्यांचं आहे. शेत चुलतभावाकडेच आहे, तो सोयाबीन पेरतो. खुर्ची मी अमरावतीला आणली आहे. ती गॅलरीत ठेवली आहे, आणि संध्याकाळी मी तिच्यावर बसते.